सारजा जीप सविताच्या दारात उभी राहील

खट्ट.

हा आवाज मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो. गिअरच्या बाजूचा छोटा दांडा मागे ओढला की आधी खट्ट व्हायचं, मग पायाखाली कुठेतरी लोखंड लोखंडात बसायचं आणि जीप खालच्या सुरात घुमायला लागायची, पोट भरलेल्या म्हशीसारखी. म्हणजे आता मागच्या चाकांबरोबर पुढची दोन चाकंही ओढणार. समोर कोरडी नदी, वाळू, हंड्याएवढे धोंडे. शेजारी कलाबाई डोक्यावरचा पदर दातात धरून बसलेली. एवढं सगळं मला डोळे न मिटता दिसतं. माझी स्मरणशक्ती शाबूत असल्याचा हा पुरावा मी डॉक्टरच्या दाखल्याच्या वर ठेवतो.

तर मी, अभिमन तोताराम देवरे, राहणार पाचोरा, जिल्हा जळगाव, ठिबक आणि पाइपांचा जुना दुकानदार, वयाने म्हातारा, गुडघ्याने अधू, डोक्याने ठणठणीत, माझ्या मागे माझ्या वस्तूंचं काय व्हावं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. मला कोणी भरीस घातलेलं नाही. दारू मी घेत नाही. रागात मात्र आहे. रागात लिहिलेलं मृत्युपत्र कायद्याने बाद ठरतं का, हे मी वकिलांना विचारून घेतलं. ते म्हणाले, "बाद नाही ठरत, पण आबा, राग निवळल्यावर लिहा ना." मी म्हटलं, तोवर मी जिवंत राहीन असं तुम्ही लिहून देता का? त्यांनी फी सांगितली.

माझी पत्नी कलाबाई आता हयात नाही. मला दोन अपत्यं. मोठी सविता, जी साक्री तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी बोरखेड्याला दिलेली आहे. धाकटा ललित, जो माझ्याच घरात राहतो आणि ज्याच्याशी मी गेल्या आखाजीपासून कामापुरतं बोलतो. ललितची पत्नी दिपमाला. तिच्याविषयी माझी तक्रार नाही.

कलम एक. राहतं घर. खालचा मजला ललितचा. वरची खोली सविताची, कायमची. बाईमाणसाला माहेरात टेकायला स्वतःची जागा असावी. त्या खोलीत ललितने स्पीकरचे खोके रचून ठेवले आहेत. ते त्याने आजच काढावेत, त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये.

कलम दोन. स्टेशन रोडचं दुकान ललितला. दुकान तो चांगलं चालवतो, हे लिहायला मला जड जात नाही. शेतकऱ्याशी गोड बोलतो, नळी खराब निघाली तर बदलून देतो. बापाचा तेवढा गुण त्याच्यात उतरला आहे. बाकीचे कुठे सांडले, ठाऊक नाही.

कलम तीन. माझी शाळेची कवितांची पुस्तकं, पुठ्ठे निघालेली, वाळवीने कोपरे खाल्लेली, दिपमालाला द्यावीत. या घरात मी कविता म्हणू लागलो की मुलगा मोबाईल घेऊन बाहेर जातो. ही पोर भाकरी थापता थापता विचारते, "आबा, पुढचं कडवं विसरलात की काय?" विसरलेला नसतो मी. तिने विचारावं म्हणून थांबतो. हे तिला आता कळलं तरी चालेल.

कलम चार. आता मुख्य गोष्ट.

माझ्या मालकीची जुनी फोर-बाय-फोर जीप, जिला घरात सगळे सारजा म्हणतात आणि ललित लोकांना "आपली एसयूव्ही" असं सांगतो, ती मी माझी मुलगी सविता हिला देत आहे. ललितला नाही. पुन्हा लिहितो, म्हणजे वाचताना कोणाची नजर चुकायला नको. ललितला नाही.

कारण लिहिणं माझ्यावर बंधनकारक नाही असं वकील म्हणतात. तरी लिहितो.

सारजा मी घेतली तेव्हा ठिबकच्या नळ्यांची वेटोळी टपावर बांधून थेट शेतात न्यावी लागत. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडीही रुतायची. म्हणून मी तिला उंच करून घेतली. चाकांवरच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, जादा पाटे टाकले. मोठ्या खाचांचे दातेरी टायर बसवले. इंजिनखाली जाड लोखंडी पत्रा ठोकला, धोंडा लागला तर पत्र्याला लागावा म्हणून. पुढेमागे ओढायला आकडे लावले. ती दिसायला बेढब झाली, हे कबूल. पण ती जिथे गेली नाही अशी वाट मला या दोन जिल्ह्यांत आठवत नाही.

आणि आखाजी आली की सारजा मुऱ्हाळी व्हायची. हे वाचणारा वकील नाशिक-पुण्याकडचा असेल तर त्याच्यासाठी सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या सणाला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण लेक आपली आपण येत नाही. माहेरचा माणूस तिला घ्यायला जातो, तोच मुऱ्हाळी. तो सासरच्या दारात जाऊन उभा राहतो, पाणी पितो, सासूला विचारतो, मग लेक उंबरा ओलांडते. सासरी तिचा मान त्या उभ्या राहण्यात असतो. आपल्यामागे कोणीतरी आहे, हे सगळी गल्ली बघते.

बोरखेड्याच्या अलीकडे नदी आहे. पुलाचे खांब मी केस काळे असल्यापासून पाहतो आहे, वरचा पूल अजून आलेला नाही. पावसाळ्यात गाव तुटतं. उन्हाळ्यात वाळू आणि धोंडे. दरवर्षी आखाजीच्या आधी मी त्या काठावर थांबायचो, चारी टायरची थोडी थोडी हवा सोडायचो, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर बसतो, रुतत नाही. मग दांडा ओढायचा. मग पाचवीच्या बाईंनी चालीवर शिकवलेली एक लांबलचक कविता म्हणायला सुरुवात करायची, आणि तिच्या लयीतच सारजा चालवायची. वाळूत घाई केली की चाक खड्डा खणतं, आणि थांबलं की संपलं. कविता पलीकडच्या काठाला संपली पाहिजे. नदी आधी संपली तर मी घाई केली, कविता आधी संपली तर मी रेंगाळलो. कलाबाई पदर दातातून काढून म्हणायची, "आज दोन ओळी उरल्या तुमच्या."

सविताला गाडी मी त्याच पात्रात शिकवली. लग्नाआधी. ललितला शिकवायला निघालो तर तो म्हणाला, धूळ फार आहे.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जळगावला दवाखान्यात पडून होतो. घरी न्यायला ललित आला. मी काठी टेकत फाटकाशी आलो तर समोर एक काळी, बसकी, चकाकती वस्तू उभी.

"गाडी कुठे आहे?" मी विचारलं.

"हीच तर आहे, आबा. सरप्राइज."

मी सारजात आयुष्यभर चढलो. त्या दिवशी मला तिच्यात वाकून उतरावं लागलं, विहिरीत उतरावं तसं. जादा पाटे काढलेले. दातेरी टायर जाऊन पापडासारखे पातळ, रुंद टायर, त्यांच्या मधोमध आरसे वाटावेत अशी चाकं. काचा काळ्या. पायाशी निळे दिवे. मागे, जिथे नळ्यांची वेटोळी असत, तिथे स्पीकर. इंजिनखालचा पत्रा गायब. पुढच्या चाकांना ओढणारा शाफ्ट काढलेला, कारण म्हणे तो हायवेला आवाज करतो आणि डिझेल खातो. आणि ज्या जागी माझा छोटा दांडा होता, त्या जागी मोबाईल ठेवायचा डबा. त्यात अर्धवट खाल्लेली चिक्की.

मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: आबांचा आशीर्वाद. मी या मृत्युपत्राद्वारे जाहीर करतो की असा आशीर्वाद मी दिलेला नाही. तो मजकूर खोटा आहे. तो ताबडतोब खरवडून काढावा.

काळ्या काचांबद्दल जळगावच्या ट्रॅफिक पोलिसाने ललितला अडवून दंड केला, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं, हेही नोंदवून ठेवतो.

ललितची बाजू लिहितो. बाजू न ऐकता निकाल देणारा मी नाही. तो म्हणाला, "आबा, मी रोज जळगाव-भुसावळ करतो. रस्ते आता चौपदरी आहेत. तुमची गाडी ऐंशीच्या वर गेली की डोलते. नशिराबादच्या पुढे कुत्रं आडवं आलं, मी स्टिअरिंग वळवलं आणि गाडी दोन चाकांवर गेली. दिपमाला आत होती. त्या दिवशी मी ठरवलं, ही खाली बसवायची."

हे खरं आहे. दिपमालानेही सांगितलं, आणि ती खोटं बोलत नाही. उंच गाडी डांबरावर डोलते. दातेरी टायर गुळगुळीत रस्त्यावर घोंगावतात, ब्रेक उशिरा धरतात. वेगाने वळणारी गाडी जमिनीला धरून असली पाहिजे आणि धोंड्यावरून जाणारी जमिनीपासून वर. एका गाडीला दोन्ही जमत नाही. मग रस्त्यासाठी दुसरी घे. मी तसं म्हटलंही.

"दोन गाड्या लावू कुठं?" ललित म्हणाला. "आणि आबा, नदीत आता वर्षातून किती वेळा जायचंय? एकदा. एका दिवसासाठी वर्षभर जीव धोक्यात घालायचा?"

त्या एका दिवशी काय झालं ते आता वाचा.

माझा गुडघा बांधलेला होता, म्हणून गेल्या आखाजीला मुऱ्हाळी ललित गेला. बसकी गाडी घेऊन गेला. मी सांगितलं होतं, नदीत घालू नको. त्याने घातली. पातळ टायरची हवा सोडता येत नाही, सोडली की चाकाची कडा दगडावर बसते. पुढची चाकं नुसती सोबत आलेली. पंधरा पावलांत पोट वाळूवर टेकलं. बोरखेड्याचे लोक बैलजोडी घेऊन आले आणि त्यांनी आमच्या घराण्याची गाडी दोराने मागे ओढून काढली, निळ्या दिव्यांसकट. पोरांनी मोबाईलवर ते काढलं. मग या दिवट्याने अलीकडच्या काठावरून बहिणीला फोन केला, "ताई, गाडी इकडे उभी आहे, तू चालत ये ना."

सविता नवं लुगडं नेसून, पिशवी भरून दारात उभी होती. गल्लीतल्या बाया बघत होत्या. ती म्हणाली, "मुऱ्हाळी दारात येतो, ललित. मी काय पार्सल शे, नदीच्या काठावर पोचवायला?" तिने पिशवी आत नेऊन ठेवली. ती तेव्हापासून आलेली नाही. दिवाळीला नाही, भाऊबीजेलाही नाही. फोनवर माझ्या गुडघ्याची चौकशी करते, गोळ्यांची नावं विचारते, आणि "येतेस का?" म्हटलं की म्हणते, "आबा, इथं वांग्याला ठिबक लावतोय, मग बघू."

उद्या आखाजी आहे. समोरच्या कडुनिंबाला पोरी झोका बांधत आहेत. यंदा सविताकडे कोणी गेलेलं नाही.

हे लिहीत असताना दोन साक्षीदार माझ्यासमोर बसले आहेत. एक माझा शाळासोबती कौतिक महाजन. त्याने इथपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "काय भो अभिमन, एवढं लिही राहिना तू, त्यापेक्षा भाड्याची जीप लाव ना. चोपडा गावाकडं ढीगभर जीपा पड्या आहेत. सकाळी जाईल, संध्याकाळी पोरगी घरात."

मी म्हटलं, भाड्याचा माणूस मुऱ्हाळी होत नाही.

"माणूस मी जातो ना सोबत."

"तू तिचा कोण?"

"काका."

"सख्खा नाहीस."

"मग तू जाय. गुडघा गाडीत ठेव अन् जाय."

मी म्हटलं, देवऱ्यांच्या दारात स्वतःची गाडी असताना मी भाड्याच्या गाडीतून लेकीच्या सासरी उतरणार नाही. गेल्या वर्षी बैलांनी ओढली, यंदा भाड्याची. विहीण काय म्हणेल? कौतिक म्हणाला, "म्हणजे लेक नाही आली तरी चालेल, पण गाडी आपली पाहिजे." त्याला लहानपणापासून नको तिथे बोट घालायची खोड आहे. त्याला उत्तर देणं या दस्तऐवजाचा विषय नाही.

दुसऱ्या साक्षीदार शेजारच्या मंदाबाई बोरसे. त्यांना सहीसाठी बोलावलं तर त्या निवडायला गवार घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, "आबा, लेकीला विचारलं का, जीप पाहिजे का तिला? तिच्याकडे दोन बैल, एक ट्रॅक्टर आहे."

मी विचारलेलं नाही. मी देतो आहे. मुऱ्हाळी पाठवतानाही लेकीला कोणी विचारत नाही, येऊ का म्हणून.

कारण असं आहे, मंदाबाई, आणि हे आता सर्वांसाठी लिहितो. मी असेपर्यंत निदान भांडायला तरी कोणी आहे. मी गेलो की त्या पोरीकडे मुऱ्हाळी जाणार नाही. ललित फोन करेल, काठावर उभा राहून. म्हणून मुऱ्हाळीच तिच्या दारात कायमचा नेऊन उभा करायचा. आखाजीला तिने स्वतः दांडा ओढावा, स्वतः नदी उतरावी आणि या घराच्या दारात उंच गाडीतून उतरावं. रीत मोडते, मला कळतं. पण रीत मी मोडली नाही. ती सुट्या भागांच्या दुकानात मोडली गेली.

तेव्हा या देणगीच्या अटी अशा:

सारजा सविताला जशी आहे तशी द्यायची नाही, जशी होती तशी द्यायची. जादा पाटे, लोखंडी पत्रा, पुढचा शाफ्ट आणि तो दांडा माळ्यावर पोत्यात आहेत. ललित ते भंगारवाल्याला द्यायला निघाला होता तेव्हा मी टाके असलेल्या गुडघ्याने उठून त्या पोत्यावर जाऊन बसलो आणि जेवणही तिथेच मागवलं. हे सर्व ललितने मेकॅनिककडून नव्हे, मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून, स्वतःचे हात काळे करून परत बसवायचं. टायर नवे घ्यायचे, दातेरी. स्पीकर, निळे दिवे आणि ती आरशाची चाकं त्याची त्याला लखलाभ.

गाडी तयार झाली की त्याने ती स्वतः चालवत नदीतून पलीकडे न्यायची, सविताच्या दारात उभी करायची, पाणी प्यायचं आणि परत चालत यायचं. वाळूतून.

हे त्याने केलं नाही तर कलम दोनमधलं दुकान त्याला नाही. ते सविता आणि दिपमाला यांना निम्मं निम्मं. कौतिक म्हणतो ही अट फार कडक आहे. ती कडक असावी म्हणूनच घातली आहे.

कलम पाच. टायरमध्ये हवा भरायचा पायपंप कौतिकला. एवढं बोलतो, तर हवा तरी भरेल.

कलम सहा. कलाबाईचे दागिने तिने जाण्यापूर्वीच वाटून दिले. ती माझ्यापेक्षा शहाणी होती, तिला एवढं लिहावं लागलं नाही. बँकेत जे असेल ते दोन्ही मुलांना सारखं. त्यावरून कोणी भांडू नये, भांडायला गाडी दिलेली आहे.

कलम सात. मला नेताना त्या काळ्या गाडीचे स्पीकर बंद असावेत. शक्यतो ती गाडीच नसावी.

याआधी मी कुठेही काही लिहिलेलं असेल तर ते यापुढे धरू नये. वरचं सगळं मी वाचून पाहिलं. दोन ठिकाणी शब्द कमी तिखट करता आले असते, केले नाहीत.

ठिकाण: पाचोरा, राहतं घर, पुढची खोली.
तारीख: आखाजीचा आदला दिवस, सन २०२६.

लिहून ठेवणार: (सही) अभिमन तोताराम देवरे

साक्षीदार पहिला: (सही) कौतिक दगडू महाजन. आबाने माझ्यादेखत सही केली. पायपंप मला नको.

साक्षीदार दुसऱ्या: मंदाबाई बो

वरची सही अर्धी का राहिली ते मीच लिहितो, म्हणजे पुढे कोणी शंका घेऊ नये.

मंदाबाईंनी पेन टेकवलं आणि दारापुढे कांद्याची पिकअप थांबली. टरफलं उडाली. ड्रायव्हरशेजारच्या सीटवरून एक म्हातारी हळूहळू खाली उतरली, लुगड्याचा काष्टा झटकला आणि न बोलावता पायऱ्या चढून आली. मी आधी ओळखलंच नाही. सविताची सासू, ताईबाई. लग्न झाल्यापासून ही बाई आमच्या दारात आलेली नाही. विहीण अशी येत नसते, सुनेला पोचवायला तर नाहीच नाही.

त्या उंबऱ्यात थांबल्या. धाप लागलेली होती. म्हणाल्या, "आबा, मुऱ्हाळी व्हईसन मीच उनू. गावमां बठ्ठा म्हनतस, ताईबाई सूनले माहेर धाडत नई. वरीस व्हयनं ऐकी राहिनू. तुमनी गाडी वर व्हवो का खाल व्हवो, माले काय करनं शे? लई उनू तुमनी पोरले. ल्या." नाशिक-पुण्याच्या वकिलासाठी: ताईबाई सुनेला माहेरी धाडत नाही असं गाव वर्षभर म्हणत होतं, म्हणून मुऱ्हाळी होऊन त्याच माझ्या पोरीला घेऊन आल्या.

त्यांच्यामागे सविता पिकअपच्या फळीवरून पिशवी खाली घेते आहे. ती इकडे पाहत नाही. ललित स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा आहे, त्याच्या हातात भरलेला तांब्या आहे आणि पुढे यावं की नाही, हे त्याला ठरवता येत नाही.

मंदाबाई विचारतात, आबा, सही पुरी करू का?

मी म्हटलं, थांबा. ललित, आधी विहीणबाईंना पाणी दे.